पांदणीवरचा दगड

"दगडच तर आहे, कोणताही घे," असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. मिक्सर घ्यायला माणूस वाशीमची चार दुकानं पालथी घालतो. सोयाबीनचं बियाणं घेताना पिशवी उलटीपालटी करून बघतो. आणि ज्या दगडावर लागलेली धार उद्या त्याच्या गळ्यावरून फिरणार आहे, तो मात्र 'दगडच तर आहे'. मला असं म्हणणाऱ्यांत माझा सख्खा भाऊही आहे, आणि तो न्हाव्याच्या पोटी जन्मला आहे.

आमचं घर न्हाव्याचं, गाव अनसिंगकडचं. बाबांनी सगळी हयात वस्तऱ्यावर काढली. आता सगळीकडे अर्धं ब्लेड खोचायचा वस्तरा आला आहे, दाढी झाली की ब्लेड फेकून द्यायचं. दाढीपुरतं ते ठीक आहे, मीही तेच वापरते. पण आमच्या भागातली जुनी माणसं दोन कामांना अजून खराच वस्तरा मागतात. एक लेकराचं जावळ, दुसरं दहाव्याचं मुंडण. ब्लेड चावतं, वस्तरा चावत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं आहे. वस्तऱ्याला जाड पाठ असते, ती टेकवून धरता येते. ब्लेडला पाठच नाही, टेकवणार काय?

ही दोन्ही कामं बाबांची. आणि त्या वस्तऱ्याला धार लावायचं काम लहानपणापासून माझं. हे गावात कुणाला माहीत नव्हतं. अंगणात नाही, मागच्या दारी, न्हाणीपाशी बसून मी धार लावायची. बाबा येऊन वस्तरा उचलायचे, अंगठ्याच्या ओल्या नखावरून हळूच ओढून बघायचे, हत्यारांच्या धोकटीत टाकायचे आणि निघायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, काय हात आहे हो तुमचा. बाबा हसायचे. मला तेव्हा त्याचं काही वाटायचं नाही. आता वाटतं, आणि चांगलंच वाटतं.

नवरा गेल्यावर मी माहेरी परत आले. स्टँडजवळ एक पत्र्याची टपरी घेतली, तिथं पोरांचे आणि बायांचे केस कापते. काही तरणी पोरं दाढीलाही बसतात. म्हातारे बसत नाहीत. बाबांचा हात मधल्या काळात थरथरायला लागला, डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि एका दहाव्याला एका माणसाच्या कानामागे लागलं तेव्हा त्यांनी आपण होऊन धोकटी खुंटीला टांगली. तेव्हापासून जावळाला गावातली माणसं लेकरू घेऊन वाशीमला जायला लागली. माझी टपरी ओलांडून, माझ्याशी बोलून, ऑटोत बसून. ते काम आमच्या घरातलं होतं. ते मला पाहिजे होतं. यात मला लपवण्यासारखं काही वाटत नाही.

अडचण दगडाची होती. बाबांचा दगड त्यांच्या बापाचा. इतकी वर्षं घासून घासून त्याच्या मधोमध खळगा पडला होता. खळग्याच्या दगडावर वस्तऱ्याची दोन टोकं टेकतात, पोट अधांतरी राहतं. कितीही घासा, मधली धार बोथटच. सपाट करावा तर दगड इतका पातळ झाला होता की मधून मोडला असता.

मी वाशीमच्या बाजारातून एक दगड आणून बघितला. दोन रंगांचा, डब्यातून येतो तो, एक बाजू जाड आणि एक बारीक. दुकानदार म्हणाला, सगळ्याला चालतो. सगळ्याला चालणारी वस्तू कुणाच्याच कामाची नसते. विळ्याला, कढीपत्त्याच्या कात्रीला ठीक. वस्तरा त्यावर घासला आणि उन्हात धरला तर धारेवर करवतीसारखे दाते दिसत होते. मायनं तो दगड कोयत्यासाठी ठेवून घेतला.

आमच्या दगडाची जागा ठरलेली होती. गावाखालच्या नाल्यात एका वळणावर काठ उभा कापलेला होता. खाली काळा पाषाण, वर काळा पाषाण, आणि मधे वीतभर उंचीची राखाडी-हिरवट पट्टी. त्या पट्टीतला दगड मऊ नाही, कडकही नाही, आणि पिठासारखा बारीक. आमच्या घरातल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या तिथूनच दगड काढला. माझ्या नशिबी ती पट्टी आली नाही. उन्हाळ्यात नाला खोलीकरणाचा जेसीबी आला आणि वळणच सरळ करून गेला. मी टपरीत होते. संध्याकाळी जाऊन बघते तर काठ नाही, पट्टी नाही, नाल्याच्या जागी नळीसारखा सरळ चर. जेसीबीवाल्याला काय बोलणार? त्याला दाखवलं तेवढं त्यानं खोदलं. पण आमच्या गावात जमिनीची इंच इंच मोजणी करून भांडणारी माणसं आहेत, बांधावरच्या बाभळीसाठी कोर्टात जाणारी आहेत. त्यांच्यापैकी एकालाही वाटलं नाही की नाल्यात काही असू शकतं. घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते नुसतं "हं" म्हणाले. त्या 'हं'चाही मला राग आला.

निघालेला सगळा माल ट्रॅक्टरनं नेऊन शेताकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर, पांदणीवर, टाकला होता. पाऊस पडायला लागला, माती वाहून गेली आणि दगड उघडे पडले. मग मी उघडिपीच्या दिवशी, टपरी उघडायच्या आधी, पांदण धरून चालायला लागले. एका हातात पाण्याची बाटली, पदराला टोचलेली गोधडीची जाड सुई, आणि डोळे खाली. शेतात जाणाऱ्या बाया विचारायच्या, काय हरवलं गं? एक जण तर मोटरसायकल थांबवून म्हणाला, "काहून वो, सोन्याचा तुकडा पडला काय?" मी म्हटलं, "हो, सापडला तं तुले देत नाई." तो हसत गेला. संध्याकाळपर्यंत गावात झालं की न्हाव्याची पोरगी सोनं शोधून राह्यली.

आता दगड कसा बघायचा ते सांगते, कारण कुणी विचारत नाही.

पहिलं म्हणजे त्यावर पाणी टाकायचं आणि गप उभं राहायचं. पाणी चटकन पिऊन टाकलं तर दगड तहानलेला, म्हणजे मातीचा. जिभेला लावला तर चिकटतो. तो फेकून द्यायचा. पाणी वर नुसतं थबकून राहिलं तर दगड काचेसारखा कडक, त्यावर लोखंड घसरतं, घासत नाही. पाणी हळूहळू आणि सगळीकडे सारखं वाळलं पाहिजे. वाळताना कुठं काळी ओली रेघ मागे राहिली तर ती चीर आहे. आज दिसत नाही, उद्या तिथंच दगड दुभंगणार.

मग वाजवायचा. दगड तळहातावर सैल ठेवायचा आणि दुसऱ्या खड्यानं टिचकी मारायची. चांगला दगड आवाज देतो. फुटका दगड थप करतो.

मग सुई. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कंटाळवाणं. सुईचं टोक दगडाच्या सगळ्या अंगावरून ओढत न्यायचं, शेतात पेरणीची ओळ धरतात तसं, एकीला लागून एक. आमच्या भागातल्या दगडांच्या पोटात गार असते, पांढरी, कडक. ज्वारीच्या कणीएवढी गार जरी असली तरी सुई तिथं उडी मारते. अशा दगडावर वस्तरा घातला की धारेला खाच पडते, आणि ती खाच माणसाच्या कातडीला कळते. डोळ्याला गार दिसेलच असं नाही. सुईला दिसते.

आणि शेवटी थर. ती पट्टी थराथरानं बसलेली होती, चपात्यांच्या चवडीसारखी. दगड थराच्या अंगानं सपाट करायचा. आडवा कापला तर घासताना त्याचे पापुद्रे सुटतात. नाल्यात होता तोवर थर कुठला ते दिसत होतं. जेसीबीनं सगळं उलटंपालटं करून टाकलेलं, तेव्हा मला एकेका दगडाच्या कडेला नाक लावून थर वाचावे लागले. हेही त्या मशीनमुळेच.

किती दगड उचलून टाकले त्याचा हिशेब नाही. काही ट्रॅक्टरच्या चाकाखाली चेंदले गेलेले, काहींत गार, काहींत चीर. मला एकेक टाकताना संताप यायचा की हा नाल्यात धड होता. मग एके दिवशी, सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं तेव्हा, पांदणीच्या कडेला तरोट्याच्या झुडपाच्या मुळाशी एक लांबट तुकडा मिळाला. विटेपेक्षा लहान. पाणी सारखं वाळलं. टिचकीला बोलला. सुई एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अशी गेली की मला मधे थांबावं लागलं, मला खरंच वाटेना. मी तिथंच बसून परत सगळी सुई फिरवली. कुठंही उडी नाही. मला इतका आनंद झाला की मी एकटीच त्या पांदणीवर शिव्या देत होते, कुणाला ते विचारू नका.

उन्हात दगड वाळवायचा नसतो. बऱ्याच जणांची तिथंच चूक होते, पत्र्यावर ठेवतात आणि दगड तडकतो. मी तो सावलीत, गव्हाच्या कोठीत दाबून ठेवला. मग न्हाणीतल्या काळ्या खरबरीत फरशीवर वाळू आणि पाणी घालून तो सपाट करायला घेतला. रोज थोडा थोडा. खांदे भरून यायचे. घासताना त्यातून दूध सुटायचं, राखाडी, दाट, बोटांत धरलं तर कणच लागत नाही असं. ते बघितलं की मला कळायचं, हा दगड आजोबांच्या दगडापेक्षा तसूभर कमी नाही.

बाबा खाटेवरून सगळं ऐकत होते. डोळ्यांना त्यांना कमी दिसतं, पण दगडाचा आवाज त्यांना झोपेतही कळतो. एकदा आपण होऊन उठून आले, बोटं फिरवली, अंगठ्यानं दूध चोळलं आणि परत जाऊन बसले.

आमच्या घरात नव्या दगडाची एक रीत आहे. दसऱ्याला वस्तरा, कात्री, कातड्याची चामोटी, दगड सगळं पाटावर मांडून पूजा होते. नवा दगड त्या पूजेत मांडायचा असेल तर आधी त्याच्यावर लावलेली धार घरच्या अंगावरून गेली पाहिजे. परक्याच्या गळ्यावर आधी नाही. दगडानं फसवलं तर रक्त आपल्या घरचं निघालं पाहिजे. आजोबांच्या दगडाला खुद्द आजोबांनी गाल दिला होता म्हणे. रीत चांगली आहे, मला ती आवडते. फक्त त्यासाठी कुणालातरी गाल पुढे करावा लागतो.

गावातले एक काका आहेत, शेतकरी, बाबांच्या बरोबरीचे. त्यांच्या नातवाचं जावळ दसऱ्यानंतर होतं. सून म्हणत होती वाशीमला नेऊ. काका म्हणाले, नाही, वस्तऱ्यानं करायचं आणि गावातच करायचं. त्यांनी मला टपरीत येऊन सांगितलं, "बाई, तुह्या बापानं दगड पास केला की जावळ तूच कर. मी सुनेले पाहून घेतो." गावात पहिल्यांदा कुणीतरी हे तोंडानं बोललं होतं. काकांचा नातू माझ्या मांडीवर बसला की पुढची लेकरं आपोआप येणार होती. सगळं त्या एका दगडावर येऊन थांबलं होतं, आणि दगडाचा निकाल बाबांच्या गालावर.

मी बाबांना म्हटलं, "दसऱ्याच्या सकाळी बसान ना?"

"पाहू," ते म्हणाले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी धाकटा भाऊ पुण्याहून आला. तिकडे एका मोठ्या सलूनमध्ये नोकरी करतो. चांगले कपडे, चांगला सेंट, हातात मशीन चांगलं चालतं त्याचं, ते मी नाकारत नाही. पण दगडाला त्यानं आयुष्यात हात लावलेला नाही. लहानपणी त्याला मागच्या दारी बसवलं की तो पाय दुखतात म्हणून पळायचा.

सकाळी अंगण सारवलेलं. मी दगड भिजवून ठेवला होता, वस्तरा पुसून ठेवला होता. काका नातवाच्या जावळाचं पक्कं करायला मुद्दाम आले होते, चहाचा कप घेऊन ओट्यावर बसले. बाबा पाटावर येऊन बसले, खांद्यावर टॉवेल घेतला. मी दगडापाशी बसायला गेले आणि बाबा म्हणाले, "तू राहू दे. धार पोट्टा लावन."

मला आधी वाटलं मला नीट ऐकू आलं नाही.

"काहून?" मी म्हटलं.

"दसऱ्याचा दगड हाय. घरच्या पोरानं लावाचा असते."

अशी रीत कधीच नव्हती. आजोबांच्या वेळी घरात पोरगाच होता म्हणून पोरानं लावला. मी इतकी वर्षं मागच्या दारी कुणाच्या घरचा वस्तरा घासत होते? पण काका बसलेले, सणाचा दिवस. माय चुलीपाशी होती, तिनं नुसतं मान वळवून बघितलं. मी दात आवळले आणि बाजूला झाले. दगड खरा आहे, कुणीही लावला तरी धार येईलच, असं मी मनाला समजावलं. हे मी स्वतःशी खोटं बोलत होते.

वस्तरा दगडावर आडवा झोपवायचा असतो. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकलेली. पाठीवर पलटायचा, धारेवर कधीच नाही. हात हलका, लेकराच्या डोक्यावरून फिरवतो तसा. भावानं पहिल्याच ओढीला पाठ उचलली. ब्लेडच्या सवयीचा माणूस, त्याला धार तिरकी धरायचीच माहीत. वर दाबही दिला. दगडावर वस्तरा नीट चालला तर सुस्स असा आवाज येतो, ओल्या पाटीवर बोट ओढल्यासारखा. इथं करकर करकर चाललं होतं. काकांनाही कळलं, त्यांनी कप खाली ठेवला. आणि ज्यांना झोपेत दगड कळतो ते बाबा समोर बसून ऐकत होते.

"अरे झोपव त्याले," मी म्हटलं.

"तू गप राह्य," बाबा म्हणाले.

भावानं साबण लावला, वस्तरा गालाला लावला. पहिल्या दोन ओढी कशाबशा गेल्या. जबड्याच्या हाडापाशी वस्तरा अडकला, उडाला, आणि पांढऱ्या फेसात लाल रेघ उमटली. भाऊ घाबरला. "बाबा, माहाच हात वाकडा पडला," तो म्हणाला. हे त्यानं स्वतः म्हटलं, मी त्याचं श्रेय त्याला देते.

बाबांनी टॉवेल दाबला आणि म्हणाले, "तुहा हात नाई. दगड खोटा हाय. गार हाय याच्यात."

माझे बाबा अनेक गोष्टींबद्दल खोटं बोलले असतील. कुठल्या घरातला माणूस बोलत नाही? पण दगडाबद्दल मी त्यांना कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. गिऱ्हाइकासमोर स्वतःच्या बापाच्या दगडाला 'आता गेला हा' म्हणणारा माणूस. त्यांनी या दगडाचं दूध अंगठ्यानं चोळून बघितलं होतं. गार नाही हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. तरी पोराचा हात वाचवायला त्यांनी दगडाचा बळी दिला, आणि दगडाबरोबर माझा.

काका उठले. "मंग जावळाचं आमी वाशीमलेच पाह्यतो," असं पडलेल्या आवाजात म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

"काका, बसा," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. इतक्या मोठ्यानं की शेजारचं कुत्रं भुंकलं. "बाबा, दगड खोटा काय हात खोटा, ते परत सांगा. माह्याकडं पाहून सांगा."

बाबांनी तोंड फिरवलं. "सनाच्या दिवशी तमाशा नको."

"मीनं सुई फिरवली हाय याच्यावर. तुमी दूध चोळून पाह्यलं हाय. कुठं हाय गार? दाखवा बोट ठेवून!"

भाऊ दगड उचलून उकिरड्याकडं निघाला, म्हणजे भांडण मिटेल असं त्या शहाण्याला वाटलं असावं. मी त्याच्या हातातून दगड हिसकावला, अंगणाच्या मधोमध बसले, पाणी घेतलं आणि वस्तरा झोपवला. भावानं धारेची वाट लावली होती, ती मुळापासून काढावी लागली. सुस्स, पलटी, सुस्स, पलटी. अंगणात, सगळ्यांसमोर, पहिल्यांदा. रागात माझा हात थरथरत नाही, उलट स्थिर होतो. मग चामोटीच्या कातड्यावरून फिरवला. नखावर ओढला. लोण्यात बोट जावं तसा गेला.

"बसा," मी बाबांना म्हटलं.

"मी बसत नाई," ते म्हणाले आणि पाटावरून उठले. "एकदा रक्त निंगालं. खोट्या दगडाले दुसऱ्यांदा गाल देत नसतेत."

मी भावाकडं बघितलं. त्यानं आपल्या कोरलेल्या दाढीवर हात ठेवला आणि मागं सरकला. घरात दुसरा पुरुष नाही. काका दारात उभे, चपला घातलेल्या.

तेव्हा माय चुलीपासून उठली. हात पदराला पुसले, आली आणि बाबांनी सोडलेल्या पाटावर जाऊन बसली. डोक्यावरचा पदर खाली घेतला, अंबाडा सोडला. केस पाठीवर पडले, पांढरे, अजून दाट. कपाळावर सणाचं मोठं कुंकू.

"दगडाले घरचं अंग पाह्यजे ना?" ती म्हणाली. "मी काय बाहेरची हावो? चालव पोरी."

मी वस्तरा हातात धरून तशीच उभी राहिले. सवाष्ण बाईच्या डोक्याला वस्तरा लागणं म्हणजे काय, हे न्हाव्याच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. काकांनी "अरे देवा" म्हणून भिंतीला हात टेकला.

"अवो!" बाबा ओरडले. त्यांचा आवाज फाटला. "काय करून राह्यली तू? मी जित्ता हावो अजून!"

"जित्ते हा तं बसा मंग," माय म्हणाली. तिनं मागं वळूनही बघितलं नाही. "अन् बसाच्या आंदी सांगा. दगड खोटा काय हात?"

टॉवेलवरचं रक्त वाळत आलं होतं. बाबांनी भावाकडं बघितलं, काकांकडं बघितलं, माझ्याकडं नाही बघितलं.

"हात," ते म्हणाले. "पोराचा हात पडला. दगडात गार नाई. ऊठ तू तिथून."

माय उठली. सावकाश केस गुंडाळले, पदर घेतला आणि जाऊन चुलीवरची कढई बघायला लागली. बाबा पाटावर बसले. मी नवा साबण लावला, जखमेच्या बाजूनं जपून. त्यांनी डोळे मिटले आणि मान वर केली. इतकी वर्षं मी त्यांचा वस्तरा हाताळला होता, त्यांचा गळा कधी नाही. तिथली कातडी सैल झाली होती, मला ती अंगठ्यानं ताणून धरावी लागली. शीर उडत होती. मला तेव्हाही राग होता, रडूही येत होतं, आणि वस्तरा इतका हलका चालला होता की केस कापल्याचा आवाजसुद्धा येत नव्हता. गालावरून, जबड्यावरून, भावाच्या खुणेच्या बाजूनं, हनुवटीखालून. कुठंही टिपूस नाही.

मी ओल्या फडक्यानं तोंड पुसलं. बाबांनी उलटा हात गालावरून फिरवला, केसांच्या विरुद्ध, जसा ते गिऱ्हाइकाच्या गालावर फिरवायचे. दोन्ही बाजूंनी फिरवला. अंगणात सगळे त्यांच्याकडे बघत होते. मी सगळ्यांत जास्त बघत होते.

"दगड चांगला हाय," ते म्हणाले.

मी थांबले. वाटलं, पुढं काही म्हणतील. ते टॉवेल झटकून उठले आणि पूजेचा पाट मांडायला लागले.

दगड पूजेत बसला, झेंडूचं फूल वाहिलं गेलं. काकांच्या नातवाचं जावळ मीच केलं, आणि पोरगं माझ्या मांडीवर झोपून गेलं. नंतर मंगरूळपीरच्या बाजूनंही एक जण लेकरू घेऊन आला. कामाचं माझं आता काही म्हणणं नाही. बाबा दिवसाआड माझ्यापुढं बसतात, मान वर करतात, झाल्यावर उलटा हात फिरवतात आणि दर वेळी तेच म्हणतात, दगड चांगला हाय. पारावर बसूनही हेच सांगतात. माणसं टपरीत येतात आणि मला म्हणतात, "काय दगड सापडला म्हनते तुले! तुहा बाप लय तारीफ करून राह्यला."

"हो ना," मी म्हणते. "दाढी दगडच करते. माहं काम निस्तं उभं राह्याचं."

ते हसतात. त्यांना वाटतं मी गंमत करते.